खिम्याचा मलईदार चीज पास्ता: आच कुठे मोठी, कुठे मंद, कुठे बंद

नागपुरी रश्श्यावर तर्री आली की मटण जमलं म्हणतात. या पास्त्यात मात्र तर्री दिसली की समजावं, सॉस फाटला. चीजमधलं तूप बाहेर आलं, खाली रवाळ चोथा राहिला आणि वर लालसर तेल तरंगायला लागलं. मटण करण्यात मुरलेल्या हातांकडूनही हे होतं, कारण आपल्याला शेवटपर्यंत खदखदू देण्याची सवय असते. या पदार्थात आचेचे तीन टप्पे आहेत: खिमा मोठ्या आचेवर, दूध मंद आचेवर आणि चीज गॅस बंद करून. एवढं पाळलं तर बाकीच्या चुका दुरुस्त होतात.

आधी मांसाबद्दल. बाहेरच्या देशांत हा पास्ता गोमांसाच्या खिम्याचा करतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हणून इथे सगळं प्रमाण बोकडाच्या खिम्याचं दिलं आहे. नुसतं नाव बदलून भागत नाही. गोमांसाचा यंत्रातून काढलेला खिमा परतल्यावर ८-१० मिनिटांत खाण्याजोगा होतो, म्हणून त्या पाककृतींत खिमा, पास्ता आणि दूध एकाच भांड्यात एकदम शिजवतात. बोकडाचा खिमा तेवढ्या वेळात चिवट राहतो. तो मऊ होईपर्यंत थांबलात तर पास्त्याचा लगदा होतो आणि दूध तळाला लागतं. त्यामुळे इथे खिमा आधी, वेगळा आणि पूर्ण शिजवायचा.

पाच जणांसाठी काय लागेल

बोकडाचा खिमा ५०० ग्रॅम. पास्ता ४०० ग्रॅम. कांदे २ मध्यम, बारीक चिरून. लसूण १०-१२ पाकळ्या, ठेचून. टमाटर ३ मध्यम (साधारण २५० ग्रॅम), किसून, सालं टाकून. गावरान आंबट टमाटर असतील तर दोनच घ्या. तेल २ मोठे चमचे.

पांढऱ्या सॉससाठी फुल क्रीम दूध ५०० मिली, लोणी ३० ग्रॅम, मैदा ३० ग्रॅम (म्हणजे ४ सपाट मोठे चमचे), एक तेजपान, चिमूटभर जायफळ. शेवटी घालायला डब्यातली फ्रेश क्रीम १०० मिली, साधं प्रोसेस्ड चीज १०० ग्रॅम आणि मोझरेला ८० ग्रॅम.

मसाला थोडाच: काळी मिरी पूड १ छोटा चमचा, ओरेगॅनो १ छोटा चमचा, तिखट अर्धा छोटा चमचा. भिवापुरी मिरचीचं तिखट असेल तर तेच वापरा. सावजी मसाला घालायचा मोह नागपुरात होणारच. हवाच असेल तर खिम्यात अर्धा छोटा चमचा, त्याच्या वर नाही. दगडफूल आणि लवंग दुधाच्या पदार्थात फार वर येतात आणि चीजची चव पार झाकून टाकतात.

मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा, छोटा ५ मिलीचा. मैदा आणि लोणी वजनानं घेतलं तर फार बरं, कारण सॉसचा दाटपणा या दोघांवरच ठरतो.

दुकानात काय सांगायचं

रान (मांडीचा भाग) किंवा खांद्याचं मटण निवडा आणि तुमच्यासमोर खिमा करायला सांगा. आधीच करून ठेवलेल्या ढिगाऱ्यात पडदे आणि चरबी किती गेली ते कळत नाही. शक्य असेल तर सत्तूरनं हातानं कुटलेला घ्या. यंत्राचाच असेल तर जाड जाळीतून एकदाच काढायला सांगा. दोनदा काढलेला बारीक खिमा कढईत गेल्याबरोबर गोळा होतो आणि मोकळा होत नाही. थोडी चरबी हवी, नाहीतर खिमा कोरडा लागतो. पण चरबी मूठभर टाकलेली दिसली तर काढायला लावा. बोकडाची चरबी गार झाली की थिजते आणि टाळूला चिकटते. डिसेंबरच्या नागपुरी रात्री ताटातला पास्ता पाच मिनिटांत निवतो, तेव्हा ही गोष्ट हमखास जाणवते.

मटण धुवायचं ते तुकडे असताना. खिमा झाल्यावर धुतला की स्पंजासारखं पाणी धरतो आणि नंतर काही केल्या भाजला जात नाही. घरी आणल्यावर धुतल्याशिवाय चालतच नसेल तर बारीक चाळणीत एकदाच पाणी ओता आणि वीस मिनिटं निथळत ठेवा.

रविवारी आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे श्रावण संपल्या संपल्या, दुकानांपुढे रांगा असतात. अशा दिवशी सकाळीच जा. उन्हाळ्यात तर सकाळशिवाय खिमा आणूच नये. अख्ख्या तुकड्यापेक्षा खिम्याला हवा खूप जास्त जागी लागते, म्हणून तो लवकर नासतो. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी गाडीच्या डिक्कीत राहिलेला खिमा वापरू नका. आणला की लगेच फ्रीजमध्ये, आणि त्याच दिवशी शिजवा. उद्यासाठी हवा असेल तर पिशवीत बोटभर जाड थापून फ्रीझरमध्ये ठेवा. गोळा करून ठेवला तर मधला भाग सुटायला फार वेळ लागतो.

दूध आणि चीज

मे महिन्यात सकाळचं दूध संध्याकाळपर्यंत नासायच्या बेतात आलेलं असू शकतं. वासावरून कळत नाही, सॉसमध्ये गेल्यावर मात्र लगेच कळतं. म्हणून दूध आधी स्वतंत्र उकळून घ्या. फाटायचं असेल तर तिथेच फाटेल, लोणी-मैदा आणि खिमा तरी वाचेल. त्याच दुधात तेजपान टाका आणि कोमट होऊ द्या.

प्रोसेस्ड चीज कमी दर्जाचं म्हणून काही लोक टाळतात. या पदार्थात ते फार कामाचं आहे. ते बनवताना त्यात इमल्सिफायर क्षार घातलेले असतात, त्यामुळे वितळताना त्यातलं पाणी आणि तूप वेगळं होत नाही. मोझरेल्याला तार येते, पण नुसत्या मोझरेल्यानं सॉस गुळगुळीत होत नाही, धाग्यांचा गुंता होतो. दोन्ही एकत्र हवं. दोन्ही घरीच किसा. किसलेल्या तयार पाकिटातल्या तुकड्यांना चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेला असतो, ते तितकं छान वितळत नाही.

डब्यातल्या क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. इतकी क्रीम आंबट आणि कडक आच एकत्र आली की लगेच फाटते, म्हणून ती सगळ्यात शेवटी. घरची साय वापरायची असेल तर चाळणीतून घासून घ्या आणि हलक्या हातानं मिसळा. फार घोटली तर लोणी निघतं.

खिमा

जाड बुडाची, पसरट स्टीलची कढई घ्या. लोखंडी कढईत खिमा छान भाजला जातो, पण टमाटराचा आंबटपणा लोखंड ओढतो आणि पुढे पांढरा सॉस राखाडी दिसतो.

कढई चांगली तापू द्या, धूर निघायच्या बेतात आली की एक मोठा चमचा तेल आणि निम्मा खिमा घाला. सगळा एकदम नाही. सगळा घातला की कढई थंड पडते, खिमा पाणी सोडतो आणि त्याच पाण्यात उकडतो. रंग करडा होतो आणि चवीला फिका लागतो. खिमा पसरा आणि दोन मिनिटं हात लावू नका. मग सराट्यानं (उलथन्यानं) उलटवून फोडा. कान द्या: आधी खदखदल्यासारखा आवाज येईल, ते पाणी आहे. ते आटलं की आवाज तडतडीवर येतो आणि तळाला तपकिरी थर धरायला लागतो. या पदार्थातली खरी मटणाची चव तिथेच आहे. काढून ठेवा, उरलेला खिमाही असाच भाजा. दोन्ही मिळून १२ ते १५ मिनिटं जातात.

सुटलेली चरबी एक मोठा चमचाभर ठेवून बाकीची काढून टाका. तर्री टाळायची सुरुवात इथूनच होते.

आता मध्यम आचेवर कांदा, कडा तपकिरी होईपर्यंत. कांद्याचं पाणी सुटेल तसा तळाचा थर सराट्यानं खरवडून घ्या. लसूण घालून अर्धा मिनिट. अद्रक इथे मुद्दाम दिलेलं नाही. कच्च्या अद्रकातलं एक विकर दुधातल्या प्रथिनांना गोठवतं, कोमट दूध त्यानं दह्यासारखं बसतं. तुम्हाला अद्रकाशिवाय मटण खपतच नसेल तर अर्धा छोटा चमचा घाला, पण इथेच, कच्चा वास पूर्ण जाईपर्यंत परतून.

तिखट, मिरी, एक छोटा चमचा मीठ आणि किसलेले टमाटर घाला. टमाटर ७-८ मिनिटं आटवा, सराटा ओढला की तळ दिसला पाहिजे. मग भाजलेला खिमा परत आत, एक वाटी गरम पाणी, झाकण, आणि मंद आचेवर २५ मिनिटं. मधे दोनदा बघा. दाणा बोटांमध्ये दाबला की सहज फुटला पाहिजे. बोकड जून असेल तर हे सगळं छोट्या कुकरमध्ये घालून दोन शिट्ट्या काढा. झाकण काढल्यावर पाणी दिसलं तर मोठ्या आचेवर पूर्ण आटवा. खिमा ओलसर असावा, रसदार नको. ओरेगॅनो शेवटी हातावर चुरडून.

हा खिमा आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवला तरी चालतो. उलट दुसऱ्या दिवशी वर थिजलेली चरबी चमच्यानं उचलता येते.

पांढरा सॉस

हा वेगळ्या गंजात (पातेल्यात) करा, खिम्यावर मैदा भुरभुरवून नाही. एक कारण म्हणजे टमाटर असलेल्या खिम्यात थेट दूध ओतलं तर ते फाटण्याची शक्यता जास्त. मैद्यानं आधी बांधलेलं दूध आंबटपणा बराच सहन करतं. दुसरं कारण घरातलं. आपल्याकडे एका टेबलावर मटण खाणारे आणि न खाणारे दोन्ही बसतात. सॉस वेगळा असला की एक-दोन वाट्या बाजूला काढून त्यात शिमला मिरची, मटार, मक्याचे दाणे परतून घालता येतात आणि आजींचा पास्ता वेगळ्या पळीनं, वेगळ्या भांड्यात होतो.

लोणी मंद आचेवर वितळवा, मैदा घाला आणि दीड-दोन मिनिटं सतत हलवा. कच्च्या पिठाचा वास जाऊन भाजलेल्या शंकरपाळ्यासारखा वास आला पाहिजे, रंग मात्र बदलू नये. गॅसवरून उतरवून कोमट दूध घाला, पहिल्यांदा पाव वाटीच. घट्ट गोळा होईल, घाबरू नका, घोटा. परत पाव वाटी, परत घोटा. गुळगुळीत झाल्यावर उरलेलं दूध धारेनं घाला आणि मंद आचेवर ठेवून ५-६ मिनिटं हलवत राहा. एक हलकी उकळी येऊ द्या, मैद्याचा दाटपणा त्याशिवाय पूर्ण येत नाही. पळीच्या पाठीवर थर बसला आणि त्यातून बोट फिरवल्यावर रेघ राहिली की झालं. तेजपान काढा, जायफळ किसा.

गाठी राहिल्या तर त्याच वेळी चाळणीतून गाळा. खिमा गेल्यावर काही करता येत नाही.

पास्ता

पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला आहे ना ते बघा. साध्या रव्याची स्वस्त मॅकरोनी उकळताना लवकर मऊ पडते आणि सॉसमध्ये पिठूळ होते. आकार शंखाचा असेल तर उत्तम, खिमा आत बसतो. पेने, फुसिली चालतात. लांब स्पॅगेटीवरून खिमा घसरून ताटात तळाशी उरतो.

तीन लिटर पाणी खळखळून उकळलं की २० ग्रॅम मीठ (एक मोठा चमचा आणि वर थोडं) घाला, मग पास्ता. पाण्यात तेल घालू नका. त्यानं पास्त्यावर तेलाचा पातळ थर बसतो आणि सॉस धरत नाही. पाकिटावर दिलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी एक तुकडा कापून बघा: मधे बारीक पांढरा ठिपका दिसला की बरोबर. तो ठिपका सॉसमध्ये शिजून जातो. निथळण्याआधी दोन वाट्या पाणी बाजूला काढायला विसरू नका. पास्त्यातून उतरलेला स्टार्च त्यात असतो आणि सॉस सैल करायला साध्या पाण्यापेक्षा तेच योग्य. निथळलेला पास्ता थंड पाण्याखाली धरायचा नाही. आणि पास्ता सगळं बाकी तयार झाल्यावरच टाका. चाळणीत दहा मिनिटं बसलेल्या पास्त्याचा एकसंध गड्डा होतो.

एकत्र आणणं

पांढरा सॉस मंद आचेवर असू द्या. त्यात खिमा पळीपळीनं घाला, प्रत्येक वेळी मिसळून. सॉस खिम्यात ओतण्यापेक्षा हे बरं, कारण आंबट भाग दुधात हळूहळू जातो. वाफ येऊ द्या, बुडबुडे नकोत. आता पास्ता आणि काढून ठेवलेलं अर्धी वाटी पाणी, दोन मिनिटं मंद आचेवर खालून वर हलवत.

गॅस बंद करा. शेगडीवरूनही उतरवा, कारण जाड बूड बराच वेळ तापलेलं राहतं. एक मिनिट थांबा. मग चीज मूठ-मूठ करून तीन वेळा घाला, आधीचं वितळल्यावरच पुढचं. उकळत्या सॉसमध्ये चीज गेलं की त्यातली प्रथिनं आवळून घट्ट होतात आणि धरून ठेवलेलं तूप सोडून देतात. आपली नकोशी तर्री ती हीच. शेवटी क्रीम. मीठ आता चाखा, आधी नाही. चीज आणि पास्त्याचं पाणी दोन्ही खारट असतात, त्यामुळे बहुतेक वेळा वरून मीठ लागतच नाही.

दाटपणा किती असावा? सराटा तळावरून ओढला की पडलेली वाट दोन-तीन सेकंदांत सॉसनं भरून निघाली पाहिजे. म्हणजे तुम्हाला ताटात हवा त्यापेक्षा थोडा सैल. पास्ता पुढची दहा मिनिटं सॉस पीतच राहतो. पाहुणे उशिरा येणार असतील तर पास्ता उकळूच नका. खिमा आणि सॉस तयार ठेवा, उरलेलं काम पंधरा मिनिटांचं आहे.

वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, बारीक चिरून घाला, पण अगदी थोडा. ताटं हिवाळ्यात गरम पाण्यानं धुवून पुसून घ्या. सोबत काकडी-कांद्याची कोशिंबीर दह्याशिवाय, नुसत्या लिंबावर. हंगाम असेल तर संत्र्याच्या फोडी. इतक्या जड जेवणात त्यांचा आंबटगोडपणा फार छान लागतो.

वर भाजलेला चीजचा थर हवा असेल तर निम्मा मोझरेला राखून ठेवा. ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) २०० अंशांवर, फक्त वरची कॉइल लावून ६-८ मिनिटं. ओटीजी नसेल तर कढईखाली जुना तवा ठेवून झाकण लावा आणि मंद आचेवर ५ मिनिटं. चीज वितळेल, तपकिरी होणार नाही.

बिघडलं तर

तूप सुटायला लागलं असेल आणि सॉस अजून गुळगुळीत असेल तर वाचतो. आचेवरून उतरवा, दोन मोठे चमचे थंड दूध घाला, प्रोसेस्ड चीजचा एक छोटा तुकडा किसून टाका आणि जोरात घोटा. त्यातले क्षार तूप परत बांधून घेतात. पण दुधाचेच पांढरे कण दिसत असतील तर तो आंबटपणानं फाटलेला सॉस आहे आणि तो मागे फिरत नाही. खायला हरकत नाही; गुळगुळीतच हवा असेल तर अर्ध्या प्रमाणात नवा पांढरा सॉस करून मिसळा.

पातळ वाटला तर पाच मिनिटं झाकून नुसता ठेवा. चीज घातल्यावर आटवायला आचेवर ठेवू नका. खारट झाला तर बटाटा टाकून काही होत नाही. मीठ न घालता उकळलेला मूठभर पास्ता आणि थोडं दूध वाढवा. खिमा चिवट लागला तर तो सॉसमध्ये शिजवून मऊ करायचा प्रयत्न करू नका; म्हणूनच दाणा दाबून बघण्याची पायरी वर दिली आहे, ती वगळू नका.

उरलेला पास्ता दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे, उन्हाळ्यात एका तासात. पसरट डब्यात ठेवा म्हणजे लवकर थंड होईल. दुसऱ्या दिवशी तो घट्ट गोळा झालेला असेल. दर वाटीमागे दोन-तीन मोठे चमचे दूध घालून झाकण ठेवा आणि अगदी मंद आचेवर, मधूनमधून उलटत, सगळीकडून वाफ येईपर्यंत गरम करा. एकदाच, आणि खाणार तेवढाच. मुलांच्या डब्यात हा देऊ नका. दूध आणि मटण एकत्र असलेला पदार्थ चार-पाच तास दप्तरात कोमट राहणं बरं नाही.